मगरिब नसलेला उपास

हवाबी धनसे घाबरट आहे. हे कुणी तिच्या पाठीमागे केलेलं बोलणं नाही, ती स्वतःच सगळ्यांना सांगते. लिफ्टचं दार बंद होताना ती कलमा पुटपुटते. रस्त्यात पोलिसांची गाडी दिसली की पर्समधलं रेसिडेंट कार्ड चाचपून बघते, जणू मघाशी होतं ते आत्ता पळून गेलं असेल. कुकरची वाफ गेली तरी झाकण उघडताना तोंड फिरवते. म्हसळ्याला होती तेव्हा खाडीच्या तरीत बसायची नाही, लांबचा वळसा घालून मामाच्या गावाला जायची. अशा बाईला अल्लानं मस्कतमध्ये नोकरी दिली ती कुठे, तर माणसं उचलून आपटायला शिकवतात त्या शाळेत!

अल् घुब्र्यातल्या एका जुन्या व्हिलात ही जुडोची शाळा आहे. खाली हॉलभर मॅट, वर जुडो शिकवणाऱ्या मास्तरांच्या खोल्या आणि मागच्या अंगाला हवाबीचं स्वयंपाकघर. त्याची एक खिडकी अंगणात उघडते. सुरुवातीला हॉलमधून धप् असा आवाज आला की तिच्या हातातला डाव खाली पडायचा. मग सवय झाली. डाव पडेनासा झाला, छातीतली धडधड मात्र तेवढीच राहिली.

ती ओमानला आली ती मजीदच्या, म्हणजे नवऱ्याच्या मागून. मजीद हमरियातल्या एका कापडाच्या दुकानात होता. बोलका, बेधडक माणूस. दोघांच्या वाटणीचं धाडस त्याच्याकडेच होतं. एका सकाळी दुकानाचं शटर वर करता करता तो छाती धरून बसला आणि उठलाच नाही. सगळ्यांना वाटलं, आता ही बाई परत जाणार. पण मुलगी निदा तिकडे रत्नागिरीत नर्सिंगला होती आणि गावी परतून करायचं काय, हा प्रश्न होता. दुकानाच्या अर्बाबचा, म्हणजे मालकाचाच हा व्हिला. त्यानं तिला इथे कामाला लावलं. तिचा व्हिसा अर्बाबच्या हातात, आणि अर्बाबचा कान पेक मास्तरांच्या तोंडाशी. मास्तरांनी एक शब्द उच्चारला की खलास, हे हवाबीला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

आता या पेक मास्तरांविषयी सांगितलं पाहिजे, कारण इथल्या लोकांना हवाबी ठाऊक नाही, मास्तर मात्र सगळ्यांना ठाऊक आहेत. पेक मुन-सोक हे त्यांचं पूर्ण नाव. कोरियातल्या एका मासेमारीच्या गावात जन्म, अंगानं किरकोळ. शाळेच्या जुडोशिक्षकानं त्यांची चपळाई हेरली. पण जोड मिळायचे ते वजनदार. पोरगं हरत राहिलं. मग एका प्रशिक्षकानं ठरवलं, याला खालच्या वजनगटात उतरवायचं. अंगावर चरबी नव्हतीच, तेव्हा उतरवायचं ते पाणी. तापवलेली खोली, प्लास्टिकचा सूट, दिवसच्या दिवस पाण्याचा थेंब नाही. त्याच वर्षी हा पोरगा जगज्जेता झाला. शेवटच्या कुस्तीत युरोपातल्या एका उंच गड्यानं त्याला जवळजवळ संपवलं होतं. घंटा व्हायला क्षण उरलेले असताना यानं अशी काही धोबीपछाड मारली, की तो उंच गडी पाठीवर पडून छताकडे बघत राहिला.

त्या एका फेकीवर मास्तरांचं उभं आयुष्य चाललं. त्यांच्या गावच्या शाळेसमोर त्यांचा पुतळा आहे, फेक मारतानाचा. पंजाबात काही वर्षं त्यांनी पोरं घडवली, तिथेच मोडकंतोडकं हिंदी शिकले आणि मग मस्कतला आले. आजही शुक्रवारी इथले कोरियन इंजिनियर बायकामुलांना घेऊन येतात, कमरेत वाकतात आणि फोटो काढून घेतात. त्यातल्या कित्येकांचा ती कुस्ती झाली तेव्हा जन्मही झाला नव्हता. गावातल्या कोरियन हॉटेलात मास्तर गेले की मालक स्वतः उठून वाढतो.

आणि कोरियनांनाच कशाला नावं ठेवायची? आपले रविकांत गोखले काय कमी होते! पुण्याचे, इथे एका विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. मुलगी अंतरा जुडोला यायला लागली तसं ह्यांचं जुडोचं ज्ञान सुटलं. मंडळाच्या गणपतीत, कुणाच्या बारशात, जिथे चार माणसं दिसतील तिथे ते ती शेवटची कुस्ती सांगायचे. पट्टा कसा धरला, गुडघा कसा वाकवला, सगळं. शेवटी आवाज खाली आणून म्हणायचे, "आणि हे सगळं पाण्याशिवाय हं. याला म्हणतात जिद्द." त्यांची बायको कल्पना शेजारी उभी राहून ऐकायची. ती कधी काही बोलायची नाही.

अंतरा दहावीतली. उंच, शांत पोर. इंग्रजी भरभर बोलायची आणि मराठीत आली की प्रत्येक शब्द पारखून घ्यायची. आखातातल्या क्लबांची मुलींची स्पर्धा यंदा मस्कतलाच होती. जिंकणाऱ्या मुलीला उन्हाळाभर कोरियात, मास्तर जिथे शिकले त्याच शाळेत शिकायला मिळणार होतं. मास्तरांनी अंतराला बघितलं, काट्यावर उभं केलं आणि सांगितलं, "नीचे वाला ग्रुप. वहाँ जीतेगा."

तेव्हापासून पोरीचा उपास सुरू झाला.

हवाबीला उपास नवा नव्हता. लहानपणापासून रोजे धरलेले. भुकेची तिला भीती वाटत नसे. पण रोजाला मगरिब, सूर्य मावळल्यावरची नमाज असते. दिवसभर घसा कितीही सुकला तरी बांग होते, खजूर तोंडात पडतो, भूक म्हणजे कुठवर हे माणसाला माहीत असतं. या पोरीच्या उपासाला मगरिबच नव्हती. सकाळी उकडलेलं अंडं, दुपारी काकडी, संध्याकाळी मॅटवर आपटाआपटी आणि रात्री काय, तर परत काट्यावर उभं राहायचं. अंतराची गालफडं बसली. वर्ग सुटल्यावर आई ऑफिसातून येईपर्यंत ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहायची आणि हवाबीच्या हाताकडे बघायची. काही मागायची नाही, नुसती बघायची. हवाबीला त्या नजरेची भीती वाटायला लागली.

एक दिवस बांग झाली आणि हवाबीनं, काही ठरवलेलं नसताना, नारळाच्या रसात बुडवलेलं सांदण वाटीत घालून पुढे केलं.

"खा गो बाय."

"आंटी, नको. माझं वेट वाढेल. सर ओरडतील."

"मगरिब झाली. या वेळेला कुनाला उपाशी ठेवू नये. गुना लागतो."

अंतरानं खाल्लं. खाताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग रोजच बांग व्हायची आणि रोजच वाटी पुढे यायची, कधी सांदण, कधी घावन, कधी तांदळाची भाकरी आणि सुरमईचा तुकडा. आपल्या दोघींत हे गुपित आहे, याची हवाबीला रोज धास्ती वाटायची. पण स्टुलावरची ती नजर आठवली की हात आपोआप डब्याकडे जायचा. वजन ही काय भानगड असते, हे तिच्या कधी नीट लक्षातच आलं नव्हतं. म्हसळ्याला वजन मासळीचं करतात.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी चारला वजनं होणार होती. त्या सकाळी मास्तरांनी अंतराला काट्यावर उभं केलं. आकडा बघून परत उतरवलं, परत चढवलं. जवळजवळ किलोभर जास्त! मास्तरांनी कागदावर आखलेला एकेक घास त्यांना पाठ होता. अन्न जास्त होणं शक्यच नव्हतं. त्यांनी अंतराच्या दंडाची कातडी चिमटीत धरून बघितली आणि म्हणाले, "पानी है. अंदर पानी. निकालेगा."

हवाबी दाराशी चहा घेऊन उभी होती. अंतरानं तिच्याकडे बघितलं आणि लगेच नजर खाली घातली. नंतर तोंड धुवायच्या निमित्तानं ती स्वयंपाकघरात आली आणि पुटपुटली, "आंटी, तू सांगू नको. प्लीज. ते तुला काढून टाकतील. मी घाम काढते, होऊन जाईल."

मास्तरांची जुनी पांढरी गाडी अंगणात उन्हात उभी होती. महिना जूनचा. अशा उन्हात मस्कतमध्ये कुत्रंही सावली सोडत नाही. मास्तरांनी इंजिन चालू केलं, काचा वर केल्या आणि गाडीचा हीटर लावला. अंतराला प्लास्टिकचा सूट घालून आत बसवलं. स्वतः शेडखाली खुर्ची टाकून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसले. रविकांत त्यांच्या शेजारी उभे होते. त्यांचा चेहरा देवळात उभं असल्यासारखा. कल्पना पाण्याची बाटली घट्ट धरून उभी होती, पण ती बाटली द्यायची नाही असं बजावलेलं होतं.

हवाबी खिडकीत उभी राहिली.  तिला वाटलं, आता सांगावं. मग वाटलं, सांगितलं तर संध्याकाळपर्यंत अर्बाबचा फोन येईल. निदाचं शेवटचं वर्ष. आणि म्हसळ्याला जाऊन भावजयीच्या उंबऱ्यावर बसायचं? शिवाय मास्तर जगज्जेते. त्यांनी स्वतः हे केलंय, त्यांना कळत असणार. त्यांना कळत नसेल तर मग कुणाला कळणार? असं स्वतःला समजावत तिनं भाजी चिरायला घेतली आणि बोट कापून घेतलं.

अंतरा बाहेर आली ती लालबुंद होऊन. काटा थोडासा हलला होता. "अच्छा," मास्तर म्हणाले. "फिर से." ती परत आत गेली. हवाबीनं बोटाला फडकं गुंडाळलं आणि परत खिडकीत आली. गाडीच्या काचेवर आतून वाफ धरली होती. वाफेमागे पोरीचं डोकं दिसत होतं, जरा कललेलं. रविकांत मास्तरांना म्हणत होते, "सर, तुम्ही तर याहून कितीतरी जास्त केलं होतं!" मास्तर घड्याळाकडे बघत राहिले.

दुसऱ्यांदा दार उघडलं तेव्हा अंतरा उतरली आणि तोल सावरायला दाराकडे हात नेला. हात दाराला लागलाच नाही. बाजूनं हवेतच गेला. तिनं हसायचा प्रयत्न केला.

"थोडंसंच राहिलं," रविकांत म्हणाले. "शाब्बास!"

 आपण बाहेर कधी आलो हे हवाबीला नंतर आठवेना. तापलेल्या फरशीवर ती अनवाणीच आली होती आणि चटके बसत होते एवढंच कळत होतं. मास्तरांपुढे जाऊन ती उभी राहिली.  मास्तर तिला अजुम्मा म्हणत, त्यांच्या भाषेत मावशीसारखंच काहीतरी.

"क्या, अजुम्मा?"

"मास्तर, वो पानी नहीं है. मैंने उसको खिलाया. रोज मगरिब को खिलाया. बच्ची का कसूर नहीं है. मेरा है. उसको मत बिठाओ."

 मग रविकांत भडकले. "खिलाया? कुणाला विचारून? अहो, तुम्हाला कळतं का काही? हिचं सगळं वर्ष... तुम्ही स्वयंपाकीण आहात, स्वयंपाकीण!" हवाबी मान खाली घालून ऐकत राहिली. ती हेच ऐकायला आली होती. आता मास्तर बोलतील आणि नोकरी जाईल, पण पोर सुटेल, एवढा हिशेब तिनं मनाशी केला होता.

पण मास्तर बोललेच नाहीत. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग गाडीकडे, मग परत घड्याळाकडे. आणि रविकांतांनी घाम पुसला. आवाज खाली आणून ते म्हणाले, "ठीक आहे. झालं ते झालं. चारला अजून वेळ आहे. सर, एकदा अजून बसवू. एकदाच. काय, सर?"

मास्तरांची मान किंचित हलली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. रविकांतांनी हो धरलं. "अंतरा, बस बाळा."

अंतरा गाडीकडे वळली.  कल्पनाच्या हातातली बाटली कचकन दाबली गेली, तेवढाच आवाज झाला.

आता हवाबीनं जे केलं ते तिला आजही खरं वाटत नाही. कुणाच्या वाटेत कधी उभी न राहिलेली ती बाई अंतराला ओलांडून पुढे धावली, त्या सीटवर जाऊन बसली आणि दार आतून ओढून घेतलं.

आत श्वासच घेता येईना. नाकात गरम फडकं कोंबल्यासारखं झालं. रेक्झिनची सीट मांड्यांना भाजत होती. बाहेरून रविकांत काचेवर थापा मारत होते, ओरडत होते, आणि त्यांचं तोंड नुसतं उघडमिट होताना दिसत होतं. हवाबी इतकी घाबरली होती, की तिला कलमासुद्धा आठवेना. आपण आता मरणार असं तिला खरोखर वाटलं. उतरावंसं वाटत होतं, फार वाटत होतं. पण उतरलं की पोर आत बसणार. तिनं दाराचं हँडल दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

पुसट काचेतून तिला दिसलं, मास्तर खुर्चीतून उठले. गाडीपाशी आले, चालकाच्या बाजूचं दार उघडलं. आतली वाफ त्यांच्या तोंडावर आली आणि ते एकदम मागे सरकले. ज्या माणसाला जगात कुणी मागे सरकवलं नव्हतं, असं रविकांत गणपतीत सांगायचे, तो माणूस दाराला धरून उभा राहिला. मग श्वास रोखून त्यांनी हात आत घातला, किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.

"निकलो, अजुम्मा," ते म्हणाले. "प्लीज."

ती उतरली. कल्पनानं एव्हाना अंतराच्या तोंडाला बाटली लावली होती आणि नवऱ्याकडे न बघता लेकीच्या अंगातला तो प्लास्टिकचा सूट ओरबाडून काढत होती. रविकांत म्हणाले, "अहो पण सर, तुम्ही... ती फायनल... तुम्ही तर..."

"मेरे को याद नहीं," मास्तर म्हणाले.

"काय?"

"फायनल. याद नहीं है. गरम कमरा याद है. मैं दरवाजा पीटता था, वो याद है. कोई खोलता नहीं था." ते सावकाश बोलत होते, एकेक हिंदी शब्द शोधून आणत होते. "फिर घर में टीवी पे देखा, पड़ोसी के साथ. वो बोले, क्या थ्रो मारा! मैं भी बोला, क्या थ्रो मारा. सब लोग पूछता है, उस टाइम क्या सोचा? मैं कुछ भी बोल देता है. डर लगता है, किसी दिन किसी को पता चलेगा."

 हवाबी फरशीवर बसून धापा टाकत होती. तिला सगळे शब्द कळले आणि मास्तरांची भीती वाटायच्या ऐवजी मास्तरांसाठी भीती वाटली.

चार वाजून गेले. अंतरा स्पर्धेला गेली नाही. कोरियाला दुसऱ्याच क्लबातली मुलगी गेली.

हवाबी पुढे कित्येक दिवस अर्बाबच्या फोनची वाट बघत होती. फोन वाजला की हातातलं काम थांबायचं. तो आला नाही. मास्तरांनी तिला एकदाच सुनावलं. तिनं चोरून खायला घालणं चूक होतं, त्यामुळेच त्यांना वाटलं की पाणी आहे. हे तिला पटलं, कारण ते खरं होतं. त्यानंतर शाळेत खालच्या वजनगटात कुणाला उतरवलं नाही. ज्याचं जेवढं वजन, तेवढ्यातच लढायचं. काही पालकांनी मुलं काढून घेतली.

मास्तरांची कीर्ती मात्र कमी झाली नाही. शुक्रवारी कोरियन मंडळी येतात, वाकतात. मास्तर आता खरं सांगून बघतात, आपल्याला ती कुस्ती आठवत नाही म्हणून. लोक एकमेकांकडे बघून कौतुकानं माना हलवतात. एवढा मोठा माणूस आणि किती हा विनय! रविकांतसुद्धा अजून गोष्ट सांगतात. हल्ली शेवटी तेवढा विनय जोडतात.

अंतरा महिनाभर आली नाही. मग एका संध्याकाळी आली, स्टुलावर बसली. हवाबीची छाती परत धडधडायला लागली. पोरीचं वर्ष आपल्यामुळे गेलं होतं. तिनं भीतभीतच विचारलं, "माज्यावर रागावलीस का गो?"

अंतरानं बराच वेळ शब्द जुळवले.

"नाही आंटी. मला भीती वाटत होती. गाडीत मी वाट बघत होते, कोणीतरी म्हणेल, उतर. बाबा म्हणेल. आई म्हणेल. काचेतून मला तू पण दिसत होती, खिडकीत." तिनं खिडकीकडे बोट केलं. "पहिल्यांदा पण दिसत होती. तू लवकर का नाही आली?"

हवाबीनं हातातला डाव खाली ठेवला. ती पोरीच्या जवळ जाऊन उभी राहिली आणि पोरीनं तिच्या पोटावर डोकं टेकलं.